टॉर्क कन्व्हर्टरचा तिसरा आवाज

प्रिय विलास,

तुझ्या तेराव्याला सगळे तुझ्याबद्दल बोलले. मी थोरला भाऊ, मी तेवढा खाली मान घालून बसलो. आज संध्याकाळी मॅडमची गाडी आपल्या अंबडच्या गॅरेजमधून बाहेर पडली आणि मला राहवेना. ही गोष्ट तुझ्याशिवाय कुणाला सांगू? सातवीत शाळा सुटलेला माणूस मी. काना-मात्रा चुकला तर हसू नकोस.

मॅडम म्हणजे देवळाली कॅम्पच्या शाळेत शिकवणाऱ्या, तुला माहीत आहेतच. डावा पाय लहानपणीच पोलिओने गेलेला. क्लचची गाडी त्यांना चालवता येत नाही, म्हणून ती ऑटोमॅटिक. तू तिचा गिअरबॉक्स खाली उतरवलास, नवा टॉर्क कन्व्हर्टर खोक्यातून काढून टेबलावर ठेवलास आणि म्हणालास, "दादा, उद्या बसवतो." कसला उद्या रे! दुसऱ्याच पहाटे तू गेलास.

मॅडम तेराव्याला आल्या, त्या रिक्षाने. निघताना पायऱ्या उतरायला त्यांना किती वेळ लागला, मी बघत होतो. गाडीबद्दल चकार शब्द काढला नाही. रागावल्या असत्या तरी चाललं असतं, निदान मला उत्तर देता आलं असतं. त्या दिवसापासून माझी झोप गेली. दुसऱ्या गॅरेजला न्यावी, तर ती उघडी पडलेली गाडी हलवायची कशी? आणि तुझं अर्धं झालेलं काम परक्या हातात कसं देऊ?

माझा स्वभाव तुला ठाऊक. गॅरेजचं कुलूप मी तीनदा ओढून बघतो. आणि मला आता या गाडीला हात लावायचा होता! आयुष्य जीप आणि टेम्पोत गेलं. ऑटोमॅटिकला मी आळशांची गाडी म्हणायचो, आठवतं? "तेलाने कुठं गाडी चालते का?" असं गिऱ्हाइकांसमोर तुला हिणवलं होतं मी. तू नुसता हसलास. तेव्हा भांडला का नाहीस? भांडला असतास, तर मी चार गोष्टी शिकलो तरी असतो.

तू एक जुना कन्व्हर्टर मधून कापून फळीवर ठेवला होतास. कितीदा म्हणालास, "दादा, एकदा आत बघ तरी." परवा पहिल्यांदा तो खाली काढला आणि पुसला. अरे विलास! आत पात्यांच्या दोन चकत्या, समोरासमोर तोंड करून. एक इंजिनाची, एक गिअरबॉक्सची. जोडायला मध्ये काहीच नाही. एक फिरली की तेल भिरभिरतं आणि त्या तेलाच्या रेट्याने दुसरी फिरायला लागते. एवढी दीड टनाची गाडी त्या रेट्यावर निघते! मी स्टुलावर बसून बराच वेळ त्या पात्यांवरून बोट फिरवत होतो. हे कुणाच्या डोक्यात आलं असेल? आणि हे रोज तुझ्या हाताखाली होतं, माझ्यापासून दहा पावलांवर!

मग आज सकाळी कामाला लागलो. नव्या कन्व्हर्टरमध्ये लिटरभर तेल भरलं, तो गिअरबॉक्सच्या दांड्यावर चढवला आणि फिरवत फिरवत आत रेटला. खट झालं. अजून रेटला, पुन्हा खट. मला वाटलं, बसला. किती खूश झालो म्हणून सांगू! गिअरबॉक्स जॅकवर घेतला, इंजिनापाशी वर नेला, तर मध्ये बोटभर फट राहिली. आता जीपच्या गिअरबॉक्सला अशी फट राहिली तर आपण काय करतो? लांब बोल्ट घालतो आणि चारी बाजूंनी आवळून ओढून घेतो. उभा जन्म तेच केलं. बोल्ट घातले आणि पान्हा लावला.

तेवढ्यात तुझी सुनंदा डबा घेऊन आली.

आपल्या घरची रीत तुला सांगायला नको. मखमलाबादच्या फुलांच्या मळ्यातून ती या घरात आली, तेव्हापासून थोरल्या दिराशी एक वाक्य सरळ बोललेली नाही. "वहिनी, दादांना म्हणावं जेवण वाढलंय," असं माझ्या बायकोला, दाराआडून. आणि मीही मान वळवून "हो म्हणावं" म्हणणारा. आज गॅरेजमध्ये सांगायला मध्ये कुणीच नव्हतं. ती इकडेतिकडे बघायला लागली. मग त्या जॅककडे तोंड करून म्हणाली, "दादांना म्हणावं, आवळू नका."

मी ऐकलं. पण जॅकला सांगितलेलं मी कशाला मनावर घेऊ? पान्ह्याला अर्धा फेरा दिला.

"दादा, थांबा!"

एवढ्या मोठ्याने ओरडली की पान्हा माझ्या हातातून पायावर पडला. पदर डोक्यावरून घसरलेला, तोही तिने सावरला नाही.

"नाय बसलं ते अजून. पंप फुटंल आतला."

"तुला काय कळतं यातलं?" मी म्हणालो. बघ, अशा वेळीही तोंडातून हेच निघालं.

"यंत्रातलं नाय कळत. पण किती वेळा वाजलं?"

"दोनदा."

"तीनदा वाजाया पाहिजे. तिसरा खट झाल्याबिगर हे डबा उघडत नव्हते. कितीदा इथं डबा धरून उभी राहिले मी, भाकरी पार गार व्हायची. आणि म्हणायचे, बोल्ट धरायला असतो, ओढायला नसतो."

बोल्ट काढले. गिअरबॉक्स पुन्हा खाली घेतला. सुनंदा बॅटरीचा उजेड धरून शेजारी बसली. कन्व्हर्टर फिरवत होतो, रेटत होतो, तो काही दाद देईना. घाम डोळ्यांत जात होता. ती म्हणाली, "दाबू नका एवढं. नुसतं डोलवा, पोर झोपवावं तसं." हलकेच डोलवला आणि खट! आवाज बारीकच, पण तो माझ्या कोपरापर्यंत आला. बोटभर आत सरकला गडी. या वेळी गिअरबॉक्स वर नेला तर नुसत्या हाताच्या दाबाने इंजिनाला जाऊन टेकला. कुठे ओढाताण नाही. मग सुनंदा तोंडाला पदर लावून रडली, आणि मी उगाच बोल्ट मोजत बसलो.

विलास, इतकी वर्षं हे काम तू न दिसणाऱ्या जागी, नुसत्या कानाने आणि मनगटाने करत होतास. आणि मी तुला एकदाही शाबास म्हणालो नाही. आज म्हणतो. उशीर झाला रे.

संध्याकाळी इंजिन चालू केलं, गिअर टाकला आणि ब्रेकवरचा पाय हळूच उचलला. गाडी आपणहून सरकली! पाय कशावरच नव्हता माझा. मॅडमना बोलावलं. त्यांनी रस्त्याला दोन चकरा मारल्या, आणि परत आल्या तर चेहरा असा, जणू त्यांना त्यांचं घर परत मिळालं. "कुणी बसवला?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "यांना विचारा," आणि सुनंदाकडे बोट केलं. ती लाजली, पण आत पळाली नाही.

आता माझं ऐक. भाऊबंद म्हणतील, भाऊ गेला आणि याने भावजयीला गॅरेजात आणून उभी केली. त्याची धास्ती आत्तापासूनच वाटतेय. तरी तुला शब्द देतो. सुनंदाची इच्छा असेल तर उद्यापासून गॅरेजमध्ये तिची खुर्ची माझ्या खुर्चीच्या शेजारी असेल. तुला जे जे ठाऊक होतं, त्यातलं तिला जे आठवेल ते मी तिच्याकडून शिकेन. तिला मी समोरासमोर विचारीन, आणि ती थांब म्हणाली की थांबेन.

तुझा, नुसता वयाने थोरला,
दादा