तिसऱ्या धड्यातला उशीर

३ फेब्रुवारी, सोमवार

माझी निवड झाली — बेताल म्हणून!

आमची कंपनी तालाचे व्हिडिओ गेम बनवते. मी वरच्या मजल्यावर हिशेब बघतो. गेम बनतात त्या खालच्या खोलीत कधी पाऊल टाकलं नव्हतं. आज मुंगी वर आली. गेममधले सरावाचे धडे ती बनवते. एवढीशी, सतत इकडून तिकडे — म्हणून सगळ्यांची मुंगी. म्हणाली, "काका, परवा ऑफिसातल्या वाढदिवसाला तुमच्या टाळ्या बघितल्या. एकही जागेवर पडली नाही. धडे तपासायला मला असाच माणूस हवाय!"

काका! मी शेहेचाळीसचा आहे.

घरी ताईला सांगितलं तर ती हसता हसता खाली बसली. "अरे, शेवटी तुझ्या गुणांचं चीज झालं."

४ फेब्रुवारी, मंगळवार

खोली अंधारी, मऊ. पडद्यावर वरून दिवे उतरतात, पाण्यात सोडल्यासारखे सावकाश. दिवा खालच्या रेघेला टेकला की बटण दाबायचं. आधी एक पांढरा हात करून दाखवतो, मग विरून जातो आणि आपली पाळी. लवकर दाबलं तर दिवा निळा, उशिरा दाबलं तर तांबडा. चुकलं तरी गुण जात नाहीत. फारच चुकलं की गेम आपणहून जरा हळू होतो आणि तो हात परत येतो. काही न बोलता.

हे "काही न बोलता" दिवसभर मनातून गेलं नाही. शिकवताना माझ्यासाठी असं कोण थांबलं होतं?

सगळं चुकलो. मुंगी खूश. "उद्या चारला या!"

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज कळलं — पहिल्या धड्यात रेघेच्या दोन्ही बाजूंना भरपूर जागा सोडलेली असते. थोडं चुकलं तरी "छान!" उमटतं. पुढे ती जागा अरुंद करत नेतात, शिकणाऱ्याला पत्ता लागू न देता.

"म्हणजे फसवणूकच की," मी म्हटलं.

"फसवणूक काय हो? धीर म्हणा."

विचार करतोय. तसं मिळालेलं "छान" खरं मानायचं की नाही? ठरत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

डोळे मिटले की दिवे उतरतात. ताई कांदा चिरत होती. सुरी फळीवर कधी टेकणार ते मला आधीच कळत होतं. रस्त्यातून चालताना पाय कुणीतरी दुसराच टाकत होता. भाजी घ्यायची विसरलो. दुकानावरून तरंगतच गेलो असणार.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

तिसरा धडा एका दमात! पांढरा हात परत आलाच नाही. मागे मुंगी आणि गेमचा प्रोग्रामर एकमेकांकडे बघत होते.

जिना चढताना मनात आलं — बेताल माणूस तालात आला तर त्याला इथे कोण बोलावणार? चार वाजायची वाट बघण्यासारखं दुसरं काय आहे माझ्याकडे?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मुद्दाम चुकलो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

रोज चुकतोय. अवघड आहे! ठोका आत ऐकू येतो, तो जाऊ द्यायचा, मग दाबायचं. दिवे तांबडे होतात आणि तरी किती सुंदर दिसतात.

पण माझ्या चुका बघून मुंगी धडा आणखी हळू करत असेल तर? कुठेतरी कुणी शिकणारा जांभया देत बसेल, माझ्यामुळे. हिशेबात मी पैचा घोळ खपवून घेत नाही. मग हे काय चाललंय?

२० फेब्रुवारी, गुरुवार

सांगून टाकलं.

मुंगी हसली नाही, रागावली नाही. पडद्यावर माझ्या चुका ओळीने दाखवल्या. "खरा चुकणारा कधी लवकर दाबतो, कधी उशिरा, कधी दाबतच नाही. तुमचा प्रत्येक उशीर सारखा. तालात चुकता हो तुम्ही, काका!"

"कधी कळलं?"

"मुद्दाम चुकलात त्या पहिल्याच दिवशी."

"मग आता मी यायला नको."

ती हेडफोनची वायर गुंडाळत राहिली. "कारण तर उरलं नाही," एवढंच म्हणाली.

बरोबर वागलो. मग बरं का वाटत नाही?

२४ फेब्रुवारी, सोमवार

चार वाजले. वरच होतो.

ताई म्हणाली, "तोंड का पाडलंयस? त्या खोलीत जायचास तेव्हा गुणगुणत घरी यायचास. बेसूर, पण यायचास."

२६ फेब्रुवारी, बुधवार

प्रोग्रामर वर चहाला आला होता. राहवेना म्हणून विचारलं — माझ्या खोट्या चुकांनी तिसऱ्या धड्याचं किती नुकसान झालं?

"तिसरा धडा? तुम्हाला जमला त्याच दिवशी आम्ही तो पक्का केला. मुंगी म्हणाली, काकांना आला म्हणजे जगात कुणालाही येईल! त्यानंतर त्याला कुणी हातही लावलेला नाही."

"मग पुढे आठवडाभर मला रोज कशाला बोलवत होती?"

"ते तिलाच विचारा."

चारला थोडा वेळ आहे. हातात काहीच कारण नाही. तसाच खाली चाललोय.