शाकीरचं वाक्य

प्रिय अमजद,

कंपनीतून आल्या आल्या लिहायला बसलोय, तेव्हा अक्षर सांभाळून घे. शाकीर दवाखान्यातून दौंडला तुझ्याकडे पोचल्याचं कळलं. मी भेटायला आलो नाही म्हणून रागावला असशील. रागाव. तुझ्या धाकट्या भावाला कंपनीत मीच चिकटवला होता.

केंदूरच्या जत्रेतल्या नाटकाची तालीम घेताना मी तुम्हाला नको नको करून सोडायचो, आठवतं? त्या हौसेमुळंच यंदा कंपनीत मला मान मिळाला. माल घेणाऱ्या परदेशी कंपनीची माणसं तपासणीला येणार होती. मॅनेजर म्हणाले, "ईश्वर, कामगारांची तालीम तू घे." मी हुरळून गेलो रे! प्रेस मशीनवर हात आत जाऊ नये म्हणून जाळीचे गार्ड बसले, नवे बूट वाटले, पाळणाघरात वॉचमनची नात आणून बसवली.

पाहुण्यांचे प्रश्न आठ दिवस आधीच मेलवर आले होते. त्यांच्यातल्या बाई कागदावरून तेच विचारत होत्या आणि उत्तर संपायच्या आत टिक करत होत्या. मी चाटच पडलो. ज्यांच्यासाठी नाटक केलं, तेही पाठ केलेलंच बोलत होते. त्यांनाही पुढं कुणाला तरी दाखवायचं असणार. खरं बघायला कुणीच आलं नव्हतं, अमजद. टाळ्या मात्र पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गार्ड उतरवले. जाळीमुळं माल कमी निघतो म्हणे. जत्रेनंतर आपण पडदे उतरवून ठेवायचो, अगदी तसं. मी बघत उभा राहिलो, बोललो नाही. अकराव्या दिवशी शाकीरची बोटं गेली.

आज कंपनीच्या चौकशीत तपासणीचं शूटिंग लावलं. शाकीर हसून सांगतोय, "गार्ड हाय की सायेब. म्या सोता रोज तपासतो, त्याबिगर मशीनला हात लावत न्हाई." झालं! गार्ड त्यानंच काढला असणार, असं लिहून मोकळे झाले.

मॅनेजरांनी तालमीला दिलेल्या कागदावर त्याला नुसतं 'गार्ड हाय' एवढंच होतं. बिचारा तेवढंच म्हणायचा. वाक्य पडतंय म्हणून पुढचं मी घातलं, तीन दिवस घोटून घेतलं. त्यानं जबाबात माझं नावसुद्धा घेतलेलं नाही, आणि मी आजही तोंड उघडलं नाही.

सोमवारी सरकारी निरीक्षक येणार आहेत. त्यांना सगळं सांगायचं ठरवलंय. नोकरी गेली तर जाऊ दे. पण दोनदा गप्प बसलोय, माझा मलाच भरवसा उरलेला नाही. म्हणून हे माझ्या सहीनिशी लिहून देतोय. मी कच खाल्ली, तर हा कागद त्यांच्यापुढं ठेव.

अजून तुझाच म्हणवून घ्यावंसं वाटणारा,
ईश्वर