'पाटी' कोणाची?

३ फेब्रुवारी, मंगळवार
प्राचार्यांनी बोलावलं. मले वाटलं निरोप समारंभाचं अशीन. निघालं भलतंच. २८ ले मी रिटायर, अन् त्याच दिवशी आपली 'पाटी' बंद. नवीन सॉफ्टवेअर विकत आणतात म्हणे.
"मॅडम, तुमच्यामागं हे सांभाळीन कोण?"
मी म्हटलं, सर, ह्याच कॉलेजच्या पोट्ट्यांनी बनवलं ते. गृहपाठ, नोट्स, गुण, बारा वर्षं सारं त्याच्यावरच चालू आहे.
"मंग इथल्या एका शिक्षकाचं नाव लेखी द्या, २८ पर्यंत. नाही तं माहा नाइलाज आहे."
घरी येऊन भांड्यांवर राग काढला.

५ फेब्रु.
दुपारी तास नव्हता. लॅबमध्ये नुसतीच बसली.
काय दिवस होते! नेटवरून खुलं सॉफ्टवेअर फुकट उतरवलं, सारं इंग्रजीत. ठरवलं, मराठी करायचं. पुण्याचे एक केळकर, कधी पाहिले नाहीत, शब्द लिहून धाडत. बीबी गावच्या एका पोट्ट्यानं गुणांचं पान केलं. बाकी आमची खामगावची पलटण. कोणी कचोऱ्या आणे, कीबोर्ड तेलकट, मी ओरडे, अन् मीच दोन खाई. "हे कोणाच्या बापाचं नाही, म्हणून सगळ्यांचं," असं वर्गात मोठ्या ऐटीत सांगे.
आता लॅबमध्ये एसी आहे. कचोरी नाही.

८ फेब्रु., रविवार
वैशालीची आठवण सकाळपासून. मोताळ्याची, बापाची सोयाबीन-कपाशी. पहिल्या वर्षाले होती. गृहपाठ टाइप करता करता पाचव्या प्रश्नाले अडली. खाली बटण दिसलं, 'पुसा'. पोरीले वाटलं, अडलं तं पुसा, म्हणजे मॅडमले विचारा. दाबलं. चारही उत्तरं साफ!
रडत आली. "मॅडम, मी त्याले पुसलं, तं त्यानं सारंच नेलं!"
मी हसली. ती अजून रडली. त्या हसण्याची मले आजही लाज वाटते.
केळकरांना लिहिलं, की आमच्याकडं पुसणे म्हणजे विचारणे. त्यांचं उत्तर, "हे मराठीत कुठे आहे?" मी लिहिलं, "आमच्या घरात." दोन दिवसांनी त्यांचंच पत्र, जुन्या कोशात सापडलं, माफ करा. भला माणूस.
बटण बदललं मात्र वैशालीनंच. 'पुसा' काढून 'खोडा' केलं. बदलाचं कारण लिहायचं असते, तिथं लिहिलं, "मले पुसाचं होतं, म्हणून." तिचं पहिलं काम ते. मंग ती पोरगी लॅबमधून हललीच नाही.

१२ फेब्रु.
स्वप्निल सरांना धरलं. तासिकेवर शिकवतात, 'पाटी'चं सगळ्यात जास्त त्यांनाच कळते. नावाचं काढल्याबरोबर मान खाली.
मी फाडकन बोलली, "काऊन? हात लावाले पाहिजे, जबाबदारी नको?"
"मॅडम, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. जूनमंधी मीच इथं राहीन का नाही, मले माहीत नाही. कशावर सही करू?"
खरं आहे त्यांचं. माही जीभच अशी. चहा पाजला, पण बोललेलं थोडंच वापस येते.

१७ फेब्रु.
वैशालीले फोन केला. पुण्यात मोठ्या कंपनीत आहे. "बघते ना मॅडम, मला वेळ मिळाला की." मला म्हणाली. मले नाही. एवढ्याशा मात्रेनं जीव एवढा खट्टू व्हावा?
येत्या शनिवारी घरी येऊन राह्यली, तेव्हा भेटते म्हणे.
प्राचार्यांना पुसलं, पुण्याची मुलगी चालीन का? "पगारपत्रकावर नाव आहे का तिचं?" झालं.

२१ फेब्रु., शनिवार
आली. लॅबमध्ये बसली अन् अर्ध्या तासात भाषा मोताळ्याची झाली. कोण कुठं आहे, ते सांगितलं. बीबीवाला मोबाइलचं दुकान चालवते, अजूनही गुणांच्या पानातल्या चुका काढून धाडते. मी प्राचार्यांवर तोंडसुख घेऊन राह्यली होती. तिनं ऐकलं, मंग म्हणे,
"मॅडम, एक पुसू? राग नका मानू. मूळ पासवर्ड कोणाकोणापाशी आहे?"
"माह्यापाशी."
"अजून?"
मी पदर सावरला.
"मी तीन वर्षं मागतला. बीबीवाल्यानं मागतला. तुम्ही म्हणा, 'पोट्टेहो, बिघडवान तुम्ही.' स्वप्निल सर तं आजही तुम्हाले पुसल्याबिगर एक ओळ लावू शकत नाही. कोणाच्याच बापाचं नाही म्हणता, अन् चाबी तुमच्या पदराले. मंग प्राचार्य म्हणतात, तुमच्यामागं सांभाळीन कोण, ते काय खोटं आहे?"
लई लागलं. तिले जेवाले थांब म्हटलं, थांबली नाही, बस होती.

२३ फेब्रु.
जेवण गेलं नाही. पोरगी खरं बोलली. मले भीती होती. बिघडवण्याची नव्हे. माह्याशिवाय चाललं तं, त्याची.

२७ फेब्रु.
दिला पासवर्ड. बदल कराचे अधिकार तिघांना, वैशाली, बीबीवाला, स्वप्निल सर. माहं नाव मीच काढलं. स्वप्निल सर पाहून राह्यले होते. जाताना प्राचार्यांना नाव लिहून द्याचा कागद मागून घेतला. "वाचून पाहतो."

२८ फेब्रु., शनिवार
शाल, श्रीफळ, भाषणं. मी काय बोलली, आठवत नाही.
नंतर सवयीनं 'पाटी' उघडली, गृहपाठाची तारीख वाढवाले. लाल अक्षरं आली, 'तुम्हाला ही परवानगी नाही.' स्टाफरूममध्ये एकटीच रडली, अन् हसूही आलं.
आता प्राचार्यांच्या खोलीबाहेर बाकावर बसून हे लिहून राह्यली. स्वप्निल सर कागद घेऊन आत गेले. वीस मिनिटं झाली. सही केली का नाही, पुसलं नाही मी. मंघाशी आतून प्राचार्यांचा आवाज आला, "तुम्ही नवीन आहात, तुम्हाले काय माहीत?" अन् स्वप्निल सरांचा, माह्यासारखाच चढलेला, "सर, आमची पाटी आहे ते."
आमची म्हणाले.