चिंचेने घासलेलं रोमन नाणं

८ नोव्हेंबर २०२०, नावन, आयर्लंड
पोचले एकदाची पुण्याहून! शशिकांतने त्याच्या नोकरीच्या हॉस्पिटलजवळ भाड्याने घर घेतलंय. नवऱ्याने एकट्याने लावलेलं घर, तरी ओटा स्वच्छ निघाला, म्हणजे नवलच. कपाटाला इथे ‘प्रेस’ म्हणतात. तिथे फडक्यात गुंडाळलेलं एक हिरवट नाणं सापडलं. घरमालकीण ब्रीडा फोनवर म्हणाली, तिच्या नवऱ्याने, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो, लिलावात घेतलेलं रोमन ब्राँझचं नाणं आहे ते. राहू दे तिथेच, पण घासू नकोस. कोरोनामुळे पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी आहे, ती कुठे बघायला येतेय!

१४ नोव्हेंबर
लक्ष्मीपूजन. चांदीचं नाणं पुण्यातच राहिलं. पण मळकं नाणं देवापुढे ठेवण्याइतकी मी आळशी नाही. चिंच-मीठ लावून लखलखीत केलं. एका बाजूला मोत्यांची पट्टी बांधलेला राजा. दुसऱ्या बाजूला शिपाई, घोड्यावरून पडलेल्या माणसावर भाला उगारून उभा. आवाहन केलं, हळदकुंकू वाहिलं, अनारसा ठेवला.

१६ नोव्हेंबर
परवा भाला उगारलेला होता. आज त्याचं टोक पडलेल्याच्या पाठीला टेकलंय. शशिकांतच्या पाठीत डावीकडे कळ येतेय. तपासण्या ‘ग्रँड’ आहेत म्हणतो, म्हणजे इथल्या बोलीत ठीकठाक. मला भीती वाटतेय.

१७ नोव्हेंबर
पडलेल्या माणसाला चष्मा आहे. शशिकांतचाच. ब्रीडाला फोन केला तर ती रडायलाच लागली. तिच्या नवऱ्याने नुसती कड घासली होती, तेवढ्यानेच त्याचा पाय गेला म्हणे.
शिपायाला सरळ सांगितलं, माझ्या घरचा नैवेद्य घेतलास, जरा लाज बाळग. माझ्या नवऱ्याला हात लावून तर बघ!

१८ नोव्हेंबर
उत्तरपूजा केली आणि नाणं बॉइन नदीत फेकलं. हात जोडले आणि सवयीने तोंडातून निघून गेलं — पुनरागमनाय च. पुन्हा ये. मीच म्हटलं! कुठे गेली होती माझी अक्कल —

१९
देवापुढे आहे. ओलं.

२०, दुपार
नाइट ड्युटी करून शशिकांत झोपलाय. नाण्यावर घोडा आहे, पडलेला माणूस आहे. शिपाई नाही.
जिन्यात पावलं — खिळे ठोकलेल्या वहाणांची. मी खोलीच्या दारात बसलेय, वही मांडीवर. हलणार नाही.
ऐक रे. आवाहन मी केलं. पुन्हा ये, मीच म्हटलं. त्याने नाही. काय ते माझ्याशी —
आलास? भाला खाली कर. खाली कर म्हणते ना, आधी मला —