बुटका, टकला आणि स्वतःला हुशार समजणारा

तीर्थस्वरूप भिंगोबा यांचे चरणी,

(तू माझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान आहेस, ठाऊक आहे. पण पाय धरायची वेळ आज माझ्यावर आली आहे, तेव्हा मायना तुझा आणि लाज माझी.) तब्येत कशी आहे? पाठ काय म्हणते? वहिनी बऱ्या आहेत ना? आमच्याकडे सगळे ठीक, म्हणजे बायको ठीक. मी आठवडाभर जेवतोय, पण काय जेवलो ते विचारलंस तर सांगता यायचं नाही.

दुकान चालू आहे, असं गिऱ्हाइकांना सांगतो. परवा तुझ्या घासायच्या यंत्राला हात लावला आणि एका काकूंची वाचायची काच अशी घासली की त्यांना एका पेपराचे दोन पेपर दिसायला लागले. (त्या खूश होत्या. मीच काच काढून घेतली.) बावीस वर्षं तू मागे काचा घासल्यास, मी पुढे डोळे तपासले, आणि मधल्या हिरव्या पडद्यातून आपली कोडी चालली. एकाने कोडं घालायचं, दुसऱ्याने प्रश्न विचारायचे, आणि घालणाऱ्याने हो, नाही किंवा संबंध नाही, यापलीकडे चकार शब्द काढायचा नाही. भर उन्हात छत्री उघडून विहिरीत उतरलेल्या बाईपायी मी अकरा दिवस डोकं खाजवलं होतं, आठवतं?

म्हणून त्या सोमवारी तू पडद्याआडून नवं कोडं घातलंस तेव्हा मी खुर्ची ओढून बसलोच. एक माणूस बावीस वर्षं रोज दुकान उघडतो आणि एके दिवशी किल्ली टेबलावर ठेवून कायमचा निघून जातो. का? आता, बावीस म्हटल्याबरोबर कुणाही शहाण्याच्या डोक्यात उजेड पडला असता. मी विचारलं, दुकान जहाजावर आहे का? नाही. त्याला जुळा भाऊ आहे का? नाही. तो मेलेला आहे का? यावर तू जरा थांबलास, मग नाही म्हणालास. त्या थांबण्याला मी तुझं कौशल्य समजलो.

मंगळवारी मी जरा ताळ्यावर आलो. त्याला कुणी लागेल असं बोललं का? हो. गिऱ्हाईक? नाही. दुकानातलंच माणूस? हो. बोलणारा बुटका? हो. टकला? हो. स्वतःला फार हुशार समजतो? हो. (हा हो जरा मोठ्याने आला.) मी टाळी वाजवून ओरडलो, म्हणजे दुकान औषधांचं आणि बोलणारा समोरचा औषधवाला! एवढंच नाही, त्याच्या दुकानात जाऊन त्याला हे हसत हसत सांगूनही आलो. तेव्हापासून तो माझ्याकडे बघत नाही.

बुधवारी संध्याकाळी तू किल्ली टेबलावर ठेवलीस, डबा उचललास, खुंटीवरचा डगला घडी करून काखेत मारलास. आणि मी काय म्हणालो? वा, पुरावासुद्धा आणलास! अरे, जीभ का नाही झडली माझी!

घरी जाऊन मोठ्या तोऱ्यात बायकोला कोडं घातलं. तिने तीनच प्रश्न विचारले. त्यांना कुणी बोललं का? हो. दुकानातलंच? हो. मग तुम्ही काय बोललात त्यांना? मी म्हटलं, याचं उत्तर हो-नाहीमध्ये देता येत नाही. ती म्हणाली, नका देऊ, कळलं मला. आणि आत निघून गेली.

तेव्हा कोड्याच्या आदला शनिवार आठवला. त्या मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं होतं, काच कोण घासतं? आणि मी, नुसतं एक हसू मिळावं म्हणून, म्हणालो की आमच्या कारागिराला हल्ली यंत्र लागत नाही, त्याचा हातच इतका थरथरतो की काच आपोआप घासली जाते. बाई हसल्यासुद्धा नाहीत. पडद्यामागचं यंत्र मात्र थांबलं. मला वाटलं, वीज गेली. (माझ्या डोक्यावर दिवा जळत होता, तरी.)

भिंगोबा, तुझा हात कापतो हे मला वर्षभर दिसत होतं. मला भीती वाटत होती, म्हणून मी थट्टा केली. बावीस वर्षांत तुला हजारो प्रश्न विचारले. हाताला काय झालंय, हा एक विचारला नाही. याची फार लाज वाटते. परत ये म्हणायला मला तोंड नाही, म्हणून म्हणत नाही.

तुझाच,
पडद्याअलीकडचा

ता. क. वर परत ये म्हणत नाही असं लिहिलं आहे, ते खोटं आहे.

आणखी ता. क. यंत्राचा पट्टा तुटला आहे. आपोआप नाही.

शेवटचा ता. क. हाताच्या डॉक्टरांची आज साडेपाचची वेळ घेतली आहे. नाव तुझं दिलंय, सोबत म्हणून माझं. पत्र टपालात टाकलेलं नाही, तुझ्या दाराखालून सरकवतो आहे, आणि बाहेर जिन्यात बसून राहणार आहे. पाच वाजून गेले. चपला घाल.