जंबेरीचं खोड

अमरावती, मंगळवार, संध्याकाळ

चौथीतल्या कवितेचं मी विसरलेलं कडवं अकोल्याच्या वर्गमित्र वसंताने पाठवलं, पण माझ्या संगणकातल्या जुन्या लिनक्स सिस्टिमवर फाईल उघडेना. सारी सिस्टिम बदलली तर त्यातली माझ्या कवितांची वही जाईल, ही धास्ती.

सून म्हणाली, "बाबा, कावून घाबरून राहिले? सिस्टिम तीच राहीन. तिच्यासाठीच बनवलेला लिहायचा नवा प्रोग्राम तेवढा टाकते."

शेंदूरजन्याच्या बागेत वडील असंच करत. खोड जंबेरी लिंबाचं, त्यावर कलमाचा डोळा संत्र्याचा. हिला कुणी शिकवलं असेल?

फाईल उघडली. वहीही जागच्या जागी. किती सहज केलं तिने. मग स्क्रीनकडे न पाहता तिला अख्खी कविता म्हणून दाखवली. जंबेरीच्या खोडासारखं जुन्या ओळींनी ते कडवं आपलं करून घेतलं. कुठे अडखळलो नाही.