सरपंचाचा उपास

पालम
१४ जुलै २०२५

चि. सौ. सुकेशनीस,
सत्यशीलाचा सप्रेम जयभीम आणि पाठीवर हात. वि. वि.

काल सुखरूप पोचले. झरीहून परभणी अन् परभणीहून पालम, दोन्ही एसट्यांत बसायला जागा मिळाली, हेच नवल. फोन केला नाही, रागावू नकोस. माझ्या कानांमुळे तू ओरडून बोलतेस, मला अर्धं ऐकू येतं अन् तुमच्या गल्लीला पूर्ण. त्यापेक्षा हे पत्र बरं. जन्मभर पोरांना शुद्धलेखन शिकवलं, त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे.

आता मुद्द्याचं. तुझ्या रोहिणीच्या साखरपुड्यात मी व्याह्यांसमोर म्हणाले की तुझा फोटो काढायला फोटोवाल्याला दोन पावलं मागं जावं लागलं. सगळे हसले, तूही हसलीस. पण मी ते नुसतं गमतीनं म्हणाले नव्हते. तुला शुगर आहे, गुडघे बोलायला लागलेत, डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगून वर्ष झालं. अन् तुझा तो लाडका बोका! त्याला सरपंच नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण शोभतं. दिवसभर खुर्ची सोडत नाही. सकाळी चहा-खारी दोघांची जोडीनं, दुपारी दूधभात दोघांचा जोडीनं. तू खातेस अन् त्याला घालतेस, अन् त्याचं उरलं की परत तूच खातेस.

म्हणून पैज लावते. वर्षावासाचे तीन महिने नुकतेच सुरू झालेत. आश्विन पौर्णिमेपर्यंत तू अन् सरपंच दोघं जोडीनं उतरा. उतरलात तर रोहिणीच्या लग्नात तुला इरकली माझ्याकडून. वजन म्हणजे शेवटी मनाचा निग्रह असतो, दुसरं काही नाही. मी बघ, रिटायर झाल्यावर सुद्धा सुटले नाही.

माझ्या भावाला, सिद्धोधनला, आशीर्वाद. अंगानं घट, पण मायेनं घटू नकोस.

तुझी,
सत्यशीला

&nbsp;

झरी
२१ जुलै २०२५

ती. अक्कांना,
सुकेशनीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र पावलं. पैज मंजूर! तुमी काडीपैलवान, तुमाला दुसऱ्याचं अंग दिसणारच. पण मी बी मनावर घेतलंय.

आषाढ पौर्णिमेला विहारात अष्टशील घेतलं होतं. दुपारी बाराच्या पुढं काही खायचं न्हाई. त्या दिवशी अंग असं हलकं वाटलं म्हणून सांगू. मग मनात आलं, एकच दिवस कशाला, आश्विन पौर्णिमेपर्यंत रोजच पाळू. पुण्य बी अन् वजन बी. विहारातल्या केशरबाई म्हणाल्या की गोळ्या चालू असणाऱ्यांनी असं करू नये, शील वजनासाठी न्हाई घेत. पण त्यांना काय, त्या म्हाताऱ्या झाल्यात. मी हो हो म्हणून आले. ह्यांना सांगितलं न्हाई. हे संध्याकाळी शेतातून येतात तवा मी जेवले म्हणते.

सरपंचाचं बी ठरवलंय. सकाळी चमचाभर दूध द्यायचं अन् मग सोयाबीनच्या पोत्यांच्या कोठीत कोंडायचं. आत उंदरं लय झालीत. तुमच्या आई म्हणायच्या की पोट भरलेल्या मांजराला उंदीर दिसत न्हाई. आता भूक लागली की धरील, उड्या मारील, आपसूक उतरील. पहिल्या दिवशी दाराशी बसून लय ओरडला. मी अलीकडं बसून कानात बोळे घातले. मला बी त्याच वेळेला भूक लागली होती, काय करता!

हे तुमची आठवण काढतात. इरकलीचा काठ मोठा घ्या, अन् मला विसरू नका.

तुमची,
सुकेशनी

&nbsp;

पालम
२८ जुलै २०२५

चि. सौ. सुकेशनीस,
सप्रेम जयभीम अन् खूप खूप शाबासकी. वि. वि.

वाचून इतका आनंद झाला की इथल्या बायकांना तुझं पत्र वाचून दाखवलं. माझी भावजय बघा, म्हणाले, एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं. अष्टशीलाची कल्पना तर मला सुद्धा सुचली नसती. केशरबाईंचं मनावर घेऊ नकोस. लोक दुसऱ्याचा निग्रह बघून घाबरतात.

सिद्धोधनला सांगितलं नाहीस ते बरं केलंस. लहानपणापासून मऊ आहे तो. आईनं उपाशी निजायची शिक्षा दिली की मला अन् त्याला दोघांना मिळायची, मी निजायचे अन् तो रडून भाकर मिळवायचा. त्याला कळलं तर तुझ्यापुढं ताट घेऊन बसेल.

सरपंचाला दया दाखवू नकोस. पहिले आठ दिवस ओरडेल, मग वळणावर येईल. माझ्या वर्गातली किती पोरं अशी वळणावर आली.

काही अडलं तर मला विचार. मी आहे.

तुझी,
सत्यशीला

&nbsp;

झरी
११ ऑगस्ट २०२५

ती. अक्कांना,
सप्रेम जयभीम. वि. वि.

शेजारचा बालाजी सोयरिकीसाठी पालमला यायलाय, त्याच्या हाती हे देते. उत्तर त्याच्याच हाती द्या, वाट बघते. फोन केला असता, पण ही गोष्ट ओरडून बोलायची न्हाई.

आधी चांगलं सांगते. गिरणीतल्या काट्यावर उभी राहिले तर पाच किलो कमी. गिरणीवाला म्हणाला की बाई, काटा बिघडला का काय. झंपर सैल व्हायलेत.

पण अक्का, संध्याकाळच्या वक्ताला हात थरथरतात, दरदरून घाम येतो, डोळ्यापुढं अंधारी येते. शुगरची गोळी पाण्यासंगं घेते अन् पडून राहते. परवा दिवा लावताना भिंत धरून उभी राहिले. हे निग्रहाचंच म्हणायचं ना?

अन् सरपंच. उंदीर एक बी धरला न्हाई. उलट उंदरं त्याच्या पुढून जातात. तीन दिवस झाले, कशाला तोंड लावीना. माझा जीव राहिला न्हाई म्हणून कडी काढून दूध ठेवलं, सुकट भाजून ठेवलं. सुकटाच्या वासानं आधी गल्लीतून पळत यायचा, आता तोंड फिरवतो. तोंडातून लाळ गळायली. आता ओरडत बी न्हाई. डोळ्यातलं पांढरं पिवळट दिसायलंय, का मलाच अंधारीमुळं तसं दिसतं कळेना.

परभणीला जनावराच्या दवाखान्यात न्यावं का? मला तर आजच न्यावं वाटतं. पण नेलं तर ह्यांना सगळंच सांगावं लागंल, अन् पैज बी गेली. तुमी शिकलेल्या आहात. तुमी म्हणाल तसं करते.

तुमची,
सुकेशनी

&nbsp;

पालम
१२ ऑगस्ट २०२५

चि. सौ. सुकेशनीस,
जयभीम.

बालाजी चहा पीत बसलाय, म्हणून घाईत लिहिते.

पाच किलो! आता मागं वळलीस तर माझी शपथ. घेरी येते ती पित्तानं. लिंबूपाणी घे, मीठ टाकून. साखर घालू नकोस.

सरपंचाचे नखरे आहेत सगळे. सुकट दाखवलंस ना, आता तो त्याच्याही वरचं मागणार. भुकेला कोंडा अन् निजेला धोंडा, खरी भूक लागली की मुकाट्यानं उंदीर धरील. मांजराला कुणी दवाखान्यात नेतं का? लोक हसतील. परत कोठीत घाल अन् दोन दिवस दार उघडू नकोस. एवढ्यात ढील दिलीस तर केलेलं सगळं वाया जाईल.

बाकी क्षेम.

सत्यशीला

&nbsp;

झरी
१८ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास,
सिद्धोधनचा जयभीम.

फोनवर तुला ऐकू जाणार नाही अन् मला ओरडून सांगवणार नाही, म्हणून लिहायलोय. मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही.

आपला बोका गेला.

बालाजीनं चिठ्ठी दिली तशी तिनं त्याला परत कोठीत घातलं. दोन दिवसांनी कडी काढली तर मान उचलीना. तवा ती रडत माझ्याकडं शेतात आली अन् पहिल्यांदा सगळं सांगितलं. टोपलीत तिचं जुनं लुगडं अंथरून त्याला घातलं अन् परभणीला जनावराच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं त्याचा ओठ वर करून हिरड्या दाखवल्या, हळदीसारख्या. म्हणाले, जाड मांजराला उपाशी ठेवायचं नसतं. जेवण बंद झालं की अंगातली चरबी लिव्हरवर जाऊन बसते. उतरवायचं तर मोजून खायला घालून, खेळवून, महिन्या-महिन्यानं थोडं थोडं. अन् दिवसभर काहीच खाल्लं नाही तर त्याच दिवशी आणायचं. सलाईन लावलं, नाकातून नळी घातली. दुसऱ्या दिवशी दुपारी गेला.

डॉक्टर तिला विचारत होते, किती दिवस उपाशी होता, कवा खायला देत होतात. ती म्हणाली, मी खाईन तवा. अन् तिथंच भिंतीला घसरून खाली बसली. सगळी घामानं भिजलेली. त्यांनीच विचारलं की शुगरची गोळी घेतली का, जेवल्या कवा. लगेच साखर चाटवली अन् म्हणाले हिला आधी माणसाच्या दवाखान्यात न्या. शुगर लय खाली गेली होती. तिथले डॉक्टर म्हणाले, गोळी चालू ठेवून पोट रिकामं ठेवायचं म्हणजे एखाद्या दिवशी उठलीच नसती. तीन दिवस ठेवून घेतलं होतं. काल घरी आणली.

मी एका घरात राहून मला कळलं नाही, जेवले म्हणाली अन् मी ऐकलं. माझंही चुकलंच. पण बारा तारखेची तुझी चिठ्ठी तिच्या उशाखाली होती, ती वाचली. अक्का, तू तुझ्या वर्गातल्या पोरांना सुद्धा एवढी कडक नव्हतीस.

तब्येतीला जप.

सिद्धोधन

&nbsp;

पालम
२४ ऑगस्ट २०२५

सुकेशनी,
कोणत्या तोंडानं आशीर्वाद लिहू? म्हणून नुसतंच नाव लिहिते.

तीन पत्रं लिहून फाडली. पहिल्यात मी विचारलं होतं की फोन का नाही केलास. दुसऱ्यात लिहिलं होतं की मला कसं माहीत असणार. तिसऱ्यात नुसतं रडगाणं होतं. हे चौथं.

मला खरंच माहीत नव्हतं. शुगरच्या गोळीचं नाही, मांजराचं नाही. पण ‘मला माहीत नाही, दवाखान्यात ने’ एवढं लिहायला बालाजीचा चहा संपेपर्यंतचा वेळ भरपूर होता. ते मला लिहिता आलं नाही. इतकी वर्षं टेबलाच्या त्या बाजूला बसले, की कुणी विचारलं म्हणजे मला उत्तर येतच असणार असं वाटत राहिलं. तू विचारलंस ते घाबरून, अन् मी उत्तर दिलं ते शाबासकी मिळवायची असल्यासारखं.

तुझे हात थरथरतात हे वाचून मला तुझी नाही, पैजेची काळजी वाटली. हे लिहितानाही लाज वाटते. तू गेली असतीस तर मी सिद्धोधनला अन् रोहिणीला काय सांगणार होते? पित्त होतं म्हणून?

माफी मागत नाही. मागितली की तुला द्यावी लागेल, तुझा स्वभावच तसा. फक्त विचारते, मी येऊन जाऊ का? नको म्हणालीस तर येणार नाही, अन् मनातही धरणार नाही.

सत्यशीला

&nbsp;

झरी
५ सप्टेंबर २०२५

ती. अक्कांना,
सुकेशनीचा जयभीम. वि. वि.

उत्तराला उशीर झाला.

मी बरी हाय. डॉक्टरनं गोळी बदलली. तीन वक्त जेवायचं, थोडं थोडं, भाजी जास्त, भाकर एक. चहासंगं खारी बंद. सकाळी विहारापर्यंत चालत जाऊन यायचं. म्हणाले, महिन्याला किलो-दीड किलो उतरलं तरी लय झालं, घाई करायची न्हाई. केशरबाई माझ्यासंगं चालतात. एका शब्दानं टोचलं न्हाई त्यांनी. परवा चालताना मला सांगितलं की तथागतांनी बी आधी उपाशी राहून बघितलं होतं, मग खीर खाल्ली.

अक्का, जाऊ द्या असं मी लिहिणार न्हाई. साखरपुड्यात तुमी फोटोचं बोललात तवा मी हसले. घरी आल्यावर कोठीत जाऊन बसले अन् रडले. कुणी आलं न्हाई, सरपंच आला. मांडीवर येऊन बसला. त्याच्या वजनानं मांडी बधिर झाली तरी मी उठले न्हाई. त्याच कोठीत मी त्याला कोंडलं. तुमी सांगितलं खरं, पण कडी माझ्या हातानं लागली. मला तुमाला न्हाई म्हणता येत होतं, कागद होता, पेन होतं. तो बिचारा दाराशी बसून सांगत होता तवा मी कानात बोळे घातले, अन् मग त्यानं सांगायचंच सोडलं. हे मी कुणावर ढकलू? रोज वाटतं, अकरा तारखेला कुणालाच विचारलं नसतं, नुसती टोपली उचलली असती तर.

यायचं तर या. ह्यांना बरं वाटंल. पण लगेच पहिल्यासारखं हसता यायचं न्हाई मला, ते धरून या. इरकली आणू नका. माझं अंग उतरलंय का चढलंय ते बघू नका, बघितलं तरी बोलू नका.

अन् एक. जेवताना अजून माझा हात आपसूक खाली जातो, भाकरीचा एक घास मोडून ताटाच्या बाजूला ठेवते. नंतर ध्यानात येतं, मग गुमान उचलून घेते. तुमाला तो घास दिसला तर त्याच्यावर बी काही बोलू नका.

लोभाचं काय ते आल्यावर बघू.

सुकेशनी